उजवा पाय १४, डावा पाय ३६

श्रावण सरत आला की आमच्या घरातल्या बायका भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे एकेकट्या जाऊन उभ्या राहतात. गणपती कधी, गौरी कधी ते बघायचं, आपली मागची तारीख आठवायची, तिच्यात मनातल्या मनात अठ्ठावीस मिळवायचे आणि उत्तर नको तिथे आलं की केमिस्टकडे जायचं. त्याला औषधाचं नाव सांगावं लागत नाही. "ती पुढे ढकलायची द्या," एवढं पुरतं. खरं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी द्यायची नसते. पण गौरी घरी येणार असताना चिठ्ठी मागणारा केमिस्ट आमच्या डोंबिवलीत अजून जन्माला यायचा आहे. तो कात्रीने पत्ता कापतो, हव्या तेवढ्या गोळ्या काळ्या पिशवीत घालतो आणि दुसरीकडे बघत पैसे घेतो.

त्या दिवसांत गोळीची चौकशी सगळं घर करतं. सासूबाई विचारतात, जाऊबाई विचारतात. सासरे हयात होते तेव्हा तेही दारातून विचारायचे, "औषध घेतलं ना गं वेळेवर?" कसलं औषध ते मात्र कधी विचारलं नाही. डोकं दुखायचं, पोट फुगायचं, छातीला धक्का लागला तर जीव जायचा. पण सोळा भाज्या निवडणाऱ्या बाईचं डोकं दुखलं तर गोळीवर आळ कोण घेणार?

पंचेचाळिशी ओलांडली आणि सगळं उलटं झालं. आता पाळी पुढे ढकलायची नव्हती, आलेली जातच नव्हती. अंगावरून इतकं जायला लागलं की मी वर्गात फळ्याकडे तोंड करायचं सोडलं. मी गणिताची शिक्षिका. फळ्याकडे तोंड केलं की वर्गाकडे पाठ होते, आणि पाठीमागे काय दिसत असेल याची खात्री नव्हती. मग मी तिरकी उभी राहून लिहायला लागले. त्या वर्षी मी काढलेली सगळी वर्तुळं लंबवर्तुळं आली. ठाण्याहून परतताना लोकलमध्ये कुणी आपणहून सीट दिली तरी "नको हो, बसूनच असते दिवसभर" म्हणायचे. सात तास उभं राहून आलेल्या बाईचं हे वाक्य ऐकून समोरच्या बायका चक्रावायच्या.

त्यात बर्फाची चटक लागली. ट्रे रिकामा करायचा आणि कडाकडा चावायचा. डिसेंबरात, पहाटेसुद्धा. "तुझ्या अंगात उष्णता फार," असं निदान करून आमच्या ह्यांनी दोन नवे ट्रे आणून दिले. रक्तातलं लोह फार कमी झालं की काही जणांना बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे डॉक्टरबाईंकडून कळलं तोवर मी स्टाफरूमच्या फ्रीजलाही चाट लावली होती. खडूचा पेटीभर साठा रोज हाताशी असूनही मी बर्फावर थांबले, ही शाळेवर माझी मेहरबानीच म्हणायची.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "किती जातं?"

"खूप."

"खूप म्हणजे किती?"

आयुष्यभर मुलांना "खूप हे उत्तर नसतं, एकक लिही" असं सुनावलेली मी. घरी आल्यावर शोधलं. साधारणपणे एका पाळीत ३०-४० मिलिलिटर रक्त जातं आणि ८० च्या वर गेलं तर ते जास्त, असं जुन्या व्याख्येत आहे. आता मापपात्र घेऊन कोण बसणार? म्हणून १९९० मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी एक चित्रांचा तक्ता केला. पॅड जरासं भिजलं तर १ गुण, बऱ्यापैकी भिजलं तर ५, पूर्ण भिजलं तर २०. बेरीज शंभराच्या वर गेली की तुम्ही जोरदार रक्तस्रावात पास. मी बाथरूमच्या दाराआड तक्ता लावला, खुणा केल्या, मध्य, मध्यक आणि बहुलक काढला आणि आलेखासह डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला. "छान आहे. पण रोजच्या जगण्यात अडथळा येतोय ना? मग जास्तच आहे. गुण कशाला मोजत बसलात?" म्हणाल्या. गुण मोजू नका असं शिक्षिकेला सांगणं म्हणजे काय, हे त्यांना कोण समजावणार!

सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन तासभर बाकावर बसायचा कार्यक्रम मी वगळते. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे. गर्भाशयात लिंबाएवढी गाठ निघाली, हिमोग्लोबिन ७.८ निघालं. लिंबाची बातमी बिल्डिंगमध्ये पसरली तसे फळांचे भाव वाढत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मोसंबीएवढी होती, त्यांच्या नणंदेची नारळाएवढी. माझं लिंबू ऐकून सगळ्यांची थोडी निराशाच झाली. तरी सल्ला एकमुखी होता, "पिशवी काढून टाक, मोकळी हो." पिशवी म्हणजे जणू भाजीची, खुंटीवरून काढायची की झालं. बीडकडच्या ऊसतोड बायकांनी कोयता बंद पडू नये, खाडा होऊ नये म्हणून ऐन तिशीत पिशव्या काढून घेतल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला समिती नेमावी लागली, ती याच "मोकळी हो"ची पुढची पायरी. डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेचं नावही काढलं नाही. "आधी गोळ्या," म्हणाल्या.

पहिली गोळी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची. ५०० मिलिग्रॅमची, फक्त जास्त जाईल त्या दिवसांत घ्यायची. हिची करामत मला फार आवडली. ही रक्त गोठवत नाही, गोठलेलं विरघळू देत नाही. जखमेवर शरीर गुठळीचं बांधकाम करतं आणि मागोमाग शरीराचंच अतिक्रमणविरोधी पथक ते पाडायला येतं. पथकाला बांधकामावर पकड घ्यायला लायसीन नावाचा एक खुंट लागतो. गोळीतला रेणू हुबेहूब त्या खुंटासारखा दिसतो. पथक त्यालाच धरून बसतं आणि बांधकाम वाचतं. आमच्या महापालिकेच्या हद्दीत हे वेगळ्या मार्गाने साधतात.

शोध लावला तो जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी. युद्धानंतरच्या ओढगस्तीत या दोघांनी संशोधनाला रक्त हा विषय निवडला. कारण काय, तर कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल! पाळणाघर नव्हतं, तेव्हा उताकोबाई मुलीला पाठुंगळीला बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. एकदा त्यांना नि त्यांच्या मैत्रिणीला एका परिषदेतून बाहेर काढलं, ही जागा बायका-मुलांसाठी नाही म्हणून. परिषद बालरोगांची होती. १९६२ मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड जगापुढे ठेवलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात याचा उपयोग होतो का ते पाहा, असं त्यांचं म्हणणं डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. शेवटी वीस हजारांवर बाळंतिणींवर चाचणी झाली, जीव वाचतात असं २०१७ मध्ये छापून आलं. उताकोबाई त्याच्या आदल्याच वर्षी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या. हे सगळं मी रात्री अंथरुणात फोनवर वाचत होते आणि रडत होते. त्या रडण्याला अजून गोळीचा हातभार नव्हता, ते माझं स्वतःचं होतं.

घोटाळा झाला तो केमिस्टच्या उदारपणामुळे. एरवी कात्री चालवणाऱ्या त्याने या वेळी अख्खं खोकं दिलं आणि खोक्यात घडीवर घडी घातलेलं पत्रक निघालं. इतक्या वर्षांत मी एकाही औषधाचं पत्रक पाहिलं नव्हतं, कारण कापलेल्या पत्त्याबरोबर ते येतच नाही. उलगडलं तर उशीच्या अभ्र्याएवढं झालं. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मी भिंग घेतलं, लाल पेन घेतलं आणि उत्तरपत्रिका तपासायला बसले.

मळमळ, जुलाब, डोकेदुखी. ठीक, ही नेहमीची मंडळी. पुढे, क्वचित रंग ओळखण्यात बिघाड. लगेच मी पडद्याकडे पाहिलं. "अहो, हा पडदा कुठल्या रंगाचा?"

"निळा."

"मला मोरपंखी दिसतोय."

"म्हणजे निळाच."

इथे मी घाबरायला हवं होतं की ह्यांनी, ते ठरेना. पडदा घेताना दुकानातही आमचं हेच भांडण झालं होतं, तेव्हा दोघांपैकी कुणीही कुठलीच गोळी घेत नव्हतं. रंगाचा मुद्दा मी "अनिर्णित" असा शेरा मारून सोडला आणि पुढच्या ओळीवर आले. पायात रक्ताची गुठळी. पोटरी दुखणे, सुजणे.

पोटरी दुखत होती. गुठळी न विरघळू देणारी गोळी, गुठळीची शक्यता आणि दुखणारी पोटरी. सगळं गृहीतात बसत होतं, सिद्धता उरली होती. बिल्डिंगची लिफ्ट बंद असल्याने मी आठवडाभर चार मजले चढ-उतार करत होते, हे आठवायचं काही कारण नव्हतं. फोनवर सापडलं की डॉक्टर अशा वेळी गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात. फरक ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त असला तर तो लक्षणांत धरतात. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी ह्यांना उठवलं.

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला पिवळा टेप आणला. मी पलंगावर पाय लांब करून बसले. ह्यांनी चष्मा न लावता, बॉलपेनने दोन्ही पायांवर खूण केली. उजव्या पोटरीला टेप गुंडाळला. टेपला पीळ पडला तो सरळ केला, पुन्हा गुंडाळला.

"उजवा चौदा."

"लिहा."

मग टेप डाव्या पायावर गेला. पुन्हा पीळ पडला, पुन्हा सरळ झाला.

"डावा छत्तीस."

खोलीत शांतता पसरली. वजाबाकी मी क्षणात केली. फरक बावीस. तीनच्या वर धोका, इथे बावीस! पुन्हा मोजा म्हटलं तर हे म्हणाले, "दोनदा बघितलंय." दोन्ही पाय डोळ्यांना सारखेच दिसत होते. पण डोळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा? डोळ्यांत बिघाड होतो असं त्याच पत्रकात छापलेलं होतं.

मग चार मजले. "डावा पाय टेकू नकोस," असा ह्यांचा आग्रह, लिफ्ट बंद, म्हणून मी कठड्याला धरून उजव्या पायावर उड्या मारत उतरले. प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडलं. वॉचमनने रिक्षा आणली. सासूबाईंनी वरून खिडकीतून ओरडून विचारलं, "लिंबू फुटलं का गं?"

रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी शांतपणे दोन्ही पाय पाहिले, दाबून पाहिले, श्वास लागतो का, छातीत दुखतं का, विचारलं. स्वतःचा टेप काढून मोजलं. उजवी साडेपस्तीस, डावी छत्तीस.

"घरी फरक किती आला म्हणालात?"

"बावीस," मी म्हणाले.

"कशाने मोजलंत?"

ह्यांनी खिशातून पुराव्यासारखा टेप काढून दिला. डॉक्टरांनी त्याची एक बाजू पाहिली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. "काका," ते अगदी हळू म्हणाले, "ही बाजू इंचांची आहे."

एका इंचाला २.५४ सेंटीमीटर. सहावीच्या मुलांकडून मी हे घोकून घेते. चौदा इंच म्हणजे ३५.५६ सेंटीमीटर. पलंगावर बसून मला ते सुचलं नव्हतं, पण आता दशांशासकट डोळ्यांपुढे दिसत होतं. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. "मॅडम, आपण काय करता?"

"गृहिणी," मी म्हणाले.

तेवढ्यात पडदा बाजूला करून बीपीचं यंत्र घेऊन नर्स आत आली आणि तिचा चेहरा उजळला. "बाई! तुम्ही? सर, या आमच्या गणिताच्या बाई! एककं चुकली की पट्टीने मारायच्या."

डॉक्टरांनी केसपेपरवर खाडाखोड केली. वर हेही सांगितलं, की पूर्वी गुठळी झालेली नसेल, तसा दुसरा काही धोका नसेल, तर या गोळीने ती होण्याची शक्यता फार कमी असते. पण एकच पाय खरोखर सुजला, लाल झाला, दुखायला लागला, धाप लागली, तर असंच तडक यायचं, टेप शोधत बसायचं नाही. "आलात ते बरं केलंत," म्हणाले. चेहरा सरळ ठेवायचं शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयात उत्तम देत असावेत. येताना मी दोन्ही पायांवर चार मजले चढले. एकही दार उघडलं नाही.

त्या गोळीने फरक पडला, पण पुरेसा नाही. म्हणून डॉक्टरबाईंनी दुसरी लिहून दिली. चिठ्ठी वाचली आणि जुनी मैत्रीण भेटली. नोरएथिस्टेरॉन. आमची गौरीची गोळी! तीच, ५ मिलिग्रॅमची. फक्त या वेळी चार दिवसांची ओळख नव्हती, रीतसर संसार होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आठवडेच्या आठवडे. हिचा जन्म मेक्सिको सिटीतला, १५ ऑक्टोबर १९५१ चा. लुइस मिरामोंतेस या सव्वीस वर्षांच्या तरुणाने ती प्रयोगशाळेत बनवली आणि तिच्यापासून पुढे गर्भनिरोधक गोळ्या आल्या. लागणारा मूळ कच्चा माल तिथल्या रानातल्या कंदातून काढलेला. हे वाचून मी सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. पाळीतल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून ऋषीपंचमीला आपण कंद खायचे, आणि ती पाळीच लांबवायची गोळीही कंदाचीच. सासूबाई म्हणाल्या, "बघ, ऋषींना सगळं माहीत होतं."

गोळ्यांचा पत्ता मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. ह्यांनी तो ओळखला. "अगं, गौरी तर भाद्रपदात. आत्ता फेब्रुवारी आहे." याउपर घरात त्या गोळीची चौकशी कुणी केली नाही. गौरीसाठी घेताना तीन माणसं घड्याळ बघायची. माझ्यासाठी घेताना मोबाइलचा गजर लावावा लागला, आणि तोही "बंद कर ना तो" म्हणून दुसऱ्या खोलीत गेला. पोट फुगलं, रात्री अकराला भूक लागायला लागली, शेचाळिसाव्या वर्षी हनुवटीवर मुरूम आला. "गोळीचं काही नसतं गं," सासूबाई म्हणाल्या, "आपण दरवर्षी घेतोच की."

आणि मन! एका मुलाने लसावि बरोबर काढला म्हणून मी वर्गात रडले. दुसऱ्याने चुकवला म्हणून त्याच तासाला पुन्हा रडले. मुलं इतकी घाबरली की घटक चाचणीत कुणी पैकीच्या पैकी पाडायचं धाडस करेना. घरी मात्र रडण्याऐवजी राग यायचा. पडदा निळा म्हटलं तरी, मोरपंखी म्हटलं तरी.

असल्या आठवड्यात सोसायटीची सभा आली. मी पंधरा वर्षं शेवटच्या रांगेत बसून चहा-वेफर्स खाऊन येणारी सभासद. विषय लिफ्टचा निघाला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, लिफ्टची काही फार घाई नाही, चालण्याने तब्येत चांगली राहते. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी उभी होते. माझ्या हातात मागच्या वर्षीचा ताळेबंद होता. दुरुस्ती निधीची बेरीज मी तोंडी करून दाखवत होते आणि ती जुळत नव्हती. एका पायावर चार मजले उतरलेल्या बाईला चालण्याचे फायदे सांगू नका, असं काहीतरी मी म्हणाले. हे माझ्या पदराला धरून खाली ओढत होते. मी पदरासकट उभी राहिले. शेवटी मोसंबीवाल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. सेक्रेटरीसाहेबांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी रडायला लागले. ते त्यांनी होकार म्हणून इतिवृत्तात नोंदवलं.

पत्रकात हे कुठेही नव्हतं. भिंग लावून पुन्हा पाहिलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या लिफ्टपर्यंत ऐकून घेत होत्या, राजीनाम्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हे मला आधी का नाही सांगितलंत? सोसत बसायचं नसतं, औषध बदलता येतं." मग लोहाचं सलाइन झालं, नोरएथिस्टेरॉन हळूहळू बंद झालं, आणि गर्भाशयात बसवायच्या त्या टी-आकाराच्या साधनाचा विषय निघाला. ५२ मिलिग्रॅम हार्मोन असतं त्यात, बहुतेक तिथल्या तिथेच झिरपतं, काही वर्षं चालतं. ते बसवून घेतलं. पहिले काही महिने डाग दिसत राहतील हे त्यांनी आधीच बजावलं होतं, तसे ते दिसले. मग कमी झाले. बर्फाची आठवण येईनाशी झाली. राग गेला, रडू गेलं, मुरूम गेला. वर्तुळं पुन्हा गोल येतात.

लिफ्ट मार्चमध्ये सुरू झाली. सेक्रेटरीपद मात्र गोळीबरोबर बंद होत नाही. समितीची मुदत पाच वर्षांची असते. परवा रात्री साडेअकराला तिसऱ्या मजल्यावरून फोन आला, टाकीत पाणी किती उरलंय म्हणून. मी ह्यांना उठवलं, टेप दिला आणि गच्चीवर पाठवलं.